एका दिवसाचा राजा
(फ्रान्समधील 'गालेत' आणि ती घरी करण्याची रीत)

जानेवारीची सहावी तारीख कोणत्या सणाची, हे गोव्यातील मुलांना सांगावे लागत नाही. मांडवीच्या मुखाजवळ, बार्देशच्या तीरावर, १५५५ मध्ये स्थापन झालेले जे रेईश मागूशचे चर्च उभे आहे, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'ज्ञानी राजे' असा आहे. कासावलीजवळच्या कुएली गावी ह्या दिवशी आसपासच्या गावांतील तीन मुले राजवस्त्रे लेऊन, मस्तकी मुकुट धारण करून, घोड्यांवरून टेकडीवरील देवळीकडे जातात आणि सारा गाव त्यांच्यामागून चालतो. चांदरलाही हा सण थाटाने साजरा होतो. पूर्वेकडून ताऱ्याच्या रोखाने निघालेले ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनास आले, त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस ह्यांची भेट त्याच्यापुढे ठेवली, अशी कथा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ते पुरुष तीनच होते असे मात्र तेथे कोठेही म्हटलेले नाही. भेटी तीन, म्हणून देणारेही तीन, असे पुढील पिढ्यांनी ठरविले. त्यांना राजेपण आणि गास्पार, मेल्किओर व बाल्थाझार ही नावेही मागाहूनच मिळाली.

हाच सण फ्रान्समध्येही पाळला जातो. परंतु तेथे राजे रस्त्यावरून मिरवत नाहीत, ते घरातील जेवणाच्या टेबलावर निवडले जातात. आणि ही निवड एका पक्वान्नाच्या साहाय्याने होते. त्या पक्वान्नाचे नाव 'गालेत दे रुआ', म्हणजे राजांची चपटी पोळी. सहा जानेवारीला तेथे सार्वजनिक सुटी नसल्यामुळे धार्मिक विधी दोन ते आठ जानेवारी ह्यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी होतो, आणि पुष्कळ घरी गालेतही त्याच दिवशी कापली जाते. खरे पाहता सबंध जानेवारीभर ती घरोघरी, कचेऱ्यांतून आणि शाळांतून खाल्ली जाते. बहुतेक लोक ती पाववाल्याच्या दुकानातून विकत आणतात. तिच्याबरोबर सोनेरी कागदाचा मुकुटही मिळतो. तरीही सुटीच्या दिवशी ती घरी भाजण्याची हौस असलेली कुटुंबे तेथे अद्याप पुष्कळ आहेत. ती कशी करतात, तिचे पापुद्रे कशाने फुगतात, आणि ती वाटण्याची रीत आपल्याला काय शिकविते, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

दिसावयास गालेत अगदी साधी असते. वीत-सव्वा वीत व्यासाची, दोन बोटे उंचीची, तांबूस सोनेरी रंगाची वाटोळी चकती. तिच्या पृष्ठभागावर मध्यापासून कडेपर्यंत वळत गेलेल्या रेषा, जणू सूर्याचे किरणच. सुरी लावताच वरचा भाग कुरकुरून मोडतो आणि आत बदामाचे मऊ, सुवासिक पुरण आढळते. ह्या पुरणात कोठेतरी एक छोटीशी वस्तू दडविलेली असते. तिला 'फेव' म्हणतात. 'फेव' म्हणजे एक प्रकारच्या पावट्याचा दाणा. पूर्वी खरोखरीचा दाणाच घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याच्या जागी चिनी मातीच्या चिमुकल्या बाहुल्या येऊ लागल्या, आणि आता त्या जमविण्याचा छंद असलेले शेकडो संग्राहक फ्रान्समध्ये आहेत. वस्तू बदलली, तरी नाव 'दाणा' हेच राहिले. हा दाणा ज्याच्या वाट्याला येईल, तो त्या दिवसापुरता राजा.

फ्रान्स देश मोठा आहे, तेव्हा सर्वत्र एकच गालेत होते असे समजू नये. दक्षिणेकडे, विशेषतः प्रोव्हान्स प्रांतात, पापुद्र्यांची गालेत न करता यीस्ट घालून फुगविलेल्या गोड पावाचे कडे करतात, त्यात नारिंगीच्या फुलांचे पाणी घालतात आणि वर साखरेत मुरविलेल्या फळांचे तुकडे रत्नांसारखे बसवितात. पोर्तुगालमधील 'बोलो रेय' हे राजांचे पक्वान्न ह्या दक्षिणी कड्याच्याच कुळातले. एकोणिसाव्या शतकात लिस्बन येथील 'कॉन्फेइतारिया नासियोनाल' ह्या १८२९ मध्ये स्थापन झालेल्या मिठाईच्या दुकानाने ते फ्रान्समधून आणिले. आपण येथे विचार करणार आहोत तो मात्र पॅरिस आणि उत्तर फ्रान्समधील पापुद्र्यांच्या गालेतीचा.

ह्या गालेतीचे सारे मर्म तिच्या कणकेत आहे. तिला फ्रेंच भाषेत 'पानापानांची कणीक' अशा अर्थाचे नाव आहे, आणि ते यथार्थ आहे. आपल्याकडील चिरोटे ज्यांनी घरी होताना पाहिले आहेत, त्यांना ह्याची कल्पना चटकन येईल. चिरोट्यात आपण पोळ्यांच्या मधोमध तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो, वळकटी करतो, कापतो, लाटतो आणि तळतो. साट्यामुळे एक पदर दुसऱ्यास चिकटत नाही आणि तळताना पदर सुटून येतात. गालेतीत साट्याचे काम लोणी करते. मात्र वळकटीच्या ऐवजी येथे घडी घालतात, आणि घडीवर घडी, अशा सहा. गोव्याची बिबिंकही थरांचीच. पण तिचा प्रत्येक थर वेगळा ओतून, वरून निखाऱ्यांची धग देऊन, एकावर एक असा भाजावा लागतो. म्हणजे बिबिंकेचे थर बेरजेने वाढतात, गालेतीचे गुणाकाराने.

हा गुणाकार विद्यार्थ्यांनी करून पाहण्याजोगा आहे. प्रारंभी मैद्याच्या दोन पदरांमध्ये लोण्याचा एक थर असतो. पट्टी लाटून तिची तिहेरी घडी घातली की लोण्याचे तीन थर होतात. पुन्हा लाटून पुन्हा तिहेरी घडी घातली की नऊ. तिसऱ्या घडीला सत्तावीस, चौथीला एक्याऐंशी, पाचवीला २४३ आणि सहावीला ७२९. आता ही सर्व कणीक लाटून तीन मिलिमीटर जाडीची केली, तर लोण्याचे ७२९ आणि मैद्याचे ७३० थर तेवढ्याशा जाडीत सामावले असे होते. प्रत्येक थर सरासरीने मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका पातळ! मनुष्याच्या डोक्यावरील केसदेखील ह्याहून कितीतरी पट जाड असतो. प्रत्यक्षात काही थर लाटताना एकमेकांत मिसळून जातात, हे खरे. तरी कोणत्याही यंत्रावाचून, केवळ लाटणे आणि धीर ह्यांच्या बळावर, स्वयंपाकघरात इतके सूक्ष्म काम होऊ शकते, ही गोष्ट नवल करण्याजोगी खचितच आहे.

आता हे थर फुगतात कशाने? ह्या कणकेत यीस्ट नसते, सोडाही नसतो. फुगविण्याचे काम पाण्याची वाफ करते. मैदा भिजविताना घातलेले पाणी तर असतेच. शिवाय लोण्यातही शेकडा सोळा भागांच्या आसपास पाणी असते. तापलेल्या भट्टीत हे पाणी उकळू लागले की त्याची वाफ होते, आणि वाफ झालेले पाणी आपल्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. तिला वर जावयाचे असते, परंतु वितळलेल्या लोण्याने माखलेला मैद्याचा पदर तिला अडवितो. मग ती त्या पदरालाच वर उचलते. असे शेकडो पदर एकाच वेळी उचलले गेले की बोटभर उंचीची कणीक तिप्पट-चौपट वर येते. मैद्यातील चिकट, लवचिक अंश पदराला फाटू देत नाही. पुढे पिष्ट शिजून आणि कोरडे होऊन पदर आहे तेथेच ताठ उभा राहतो. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. लोण्याच्या ऐवजी तूप वापरले तर हे तितकेसे साधत नाही, कारण तूप कढविताना त्यातील पाणी आपण आधीच उडवून टाकलेले असते. शिवाय तूप एक तर पातळ असते किंवा रवाळ. ते लोण्यासारखे पत्र्याप्रमाणे पसरत नाही.

ह्या साऱ्या खटाटोपाचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे उष्णता. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते, पण त्याच्या पुष्कळच आधी ते मऊ पडते. मऊ लोणी मैद्यात जिरून जाते, थर नाहीसे होतात आणि हाती पापुद्र्यांच्या ऐवजी खुसखुशीत बिस्किट येते. पॅरिसच्या जानेवारीतील थंडी गालेत करणाऱ्यास अनुकूल असते. आपल्याकडे, विशेषतः किनारपट्टीवर, त्या दिवसांतही दुपारचा पारा तिशीच्या वर चढतो. म्हणून हे काम सकाळी लवकर करावे, पोळपाटाच्या ऐवजी दगडी ओटा वापरावा आणि मधूनमधून कणीक शीतकपाटात ठेवावी. लोणी फार कठीण झाले तरी उपयोगाचे नाही. लाटताना त्याचे तुकडे पडतात आणि ते पदराला भोसकून बाहेर येतात. लोणी आणि कणीक ह्यांचा कठीणपणा सारखा असावा, हा ह्या कामातील पहिला नियम होय.

आठ माणसांना पुरेल अशा गालेतीस लागणारे साहित्य पुढीलप्रमाणे. कणकेसाठी मैदा २५० ग्रॅम, मीठ एक चहाचा चमचा, थंड पाणी १२५ मिलिलिटर, वितळविलेले लोणी ३० ग्रॅम, आणि घडीत घालावयाचे बिनमिठाचे घट्ट लोणी १९० ग्रॅम. पुरणासाठी सोललेल्या बदामांची पूड, पिठीसाखर आणि मऊ लोणी प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी आणि एक मोठा चमचा मैदा. वरून लावण्यासाठी एक अंडे. आणि शेवटी एक-दोन चमचे साखरेचा पाक. घरी घुसळलेले लोणी वापरावयाचे असल्यास ते स्वच्छ धुऊन, फडक्यात दाबून त्यातील सुटे पाणी आणि ताक काढून टाकावे, व मगच गार करावे.

प्रथम मैदा, मीठ, पाणी आणि वितळविलेले लोणी एकत्र करून गोळा करावा. तो पोळ्यांच्या कणकेसारखा तिंबू नये. जितका तिंबाल तितका तो रबरासारखा चिवट होईल आणि पुढे लाटताना आखडेल. गोळ्यावर सुरीने फुलीसारखी चीर देऊन तो ओल्या फडक्यात गुंडाळावा आणि तासभर शीतकपाटात ठेवावा. तोवर थंड लोणी दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून त्याची बोटभर जाडीची चौकोनी वडी करावी. गोळा बाहेर काढून थोडा मोठा चौकोन लाटावा, त्याच्या मधोमध लोण्याची वडी तिरकी ठेवावी आणि चारही कोपरे पाकिटाप्रमाणे मध्यावर आणून नीट बंद करावे. लोणी कोठूनही दिसता कामा नये.

आता हलक्या हाताने, एकाच दिशेने, हे पाकीट लांबवीत जावे. रुंदीच्या तिप्पट लांबीची पट्टी झाली म्हणजे पत्राची घडी घालतो तशी तिची तिहेरी घडी घालावी. ही पहिली घडी. मग ती पाव वळसा फिरवावी, म्हणजे बंद बाजू आपल्या हाताकडे येईल, आणि पुन्हा लाटून दुसरी घडी घालावी. एवढे झाले की कणीक पाऊण तास ते तासभर शीतकपाटात विसावू द्यावी. नंतर आणखी दोन घड्या, पुन्हा विसावा. आणि शेवटी आणखी दोन. किती घड्या झाल्या हे विसरू नये म्हणून अनुभवी लोक कणकेवर बोटाने तितके ठसे उमटवून ठेवतात. कडा शक्य तितक्या सरळ आणि कोपरे काटकोनात ठेवावे. एका बाजूची घडी आखूड राहिली तर त्या बाजूचे थर कमी पडतात आणि भट्टीत गालेत एका अंगावर कलते. सहा घड्या झालेली कणीक रात्रभर थंडीत ठेवल्यास उत्तम. म्हणून हे काम सणाच्या आदल्या दिवशीच सुरू करावे लागते. ज्याला घाई आहे त्याने ह्याच्या वाटेस जाऊ नये.

ही युक्ती आजची नव्हे. १६५३ मध्ये फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ल पातिसिए फ्रांस्वा' ह्या ग्रंथात, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज तेवीस-चोविशीत असताना, अशा कणकेची कृती दिलेली आढळते. हा ग्रंथ परंपरेने ला वारेन नावाच्या आचाऱ्याच्या नावावर सांगितला जातो.

पुरण करणे त्यामानाने सोपे आहे. मऊ लोणी आणि साखर फेटून त्यात बदामाची पूड, मग एकेक करून अंडी आणि शेवटी मैदा मिसळावा. कित्येक जण त्यात दूध, अंडी व साखर शिजवून केलेला दाट सायीसारखा रस थोडा मिसळतात. मग त्या पुरणास 'फ्रांजिपान' म्हणतात. ह्या शब्दाचा आपल्या अंगणाशी एक गमतीचा संबंध आहे. फ्रांजिपानी हे इटलीतील एका सरदार घराण्याचे नाव. हातमोज्यांना लावावयाचे एक सुगंधी द्रव्य त्या घराण्याच्या नावाने युरोपात प्रसिद्ध झाले. पुढे बदामाच्या ह्या सुवासिक पुरणास तेच नाव मिळाले; आणि देवळांच्या आवारात फुलणाऱ्या ज्या झाडास आपण खुरचाफा म्हणतो, त्याच्या फुलांचा वासही त्या द्रव्यासारखा वाटल्यामुळे युरोपियनांनी त्यालाही तेच नाव दिले.

सणाच्या दिवशी कणकेचे दोन भाग करून प्रत्येकी तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी आणि ताट ठेवून धारदार सुरीने २४ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापाव्या. सुरी बोथट असेल तर कडेचे थर चेपून एकमेकांस चिकटतात आणि तेथे गालेत फुगत नाही. एका चकतीच्या कडेला दोन बोटे रुंद पाण्याचा हात लावावा, मधल्या भागावर पुरण पसरावे आणि फेव त्यात खुपसावा. तो मध्यावर न ठेवता कडेच्या अंगाला ठेवावा. कारण सर्व काप मध्यातून जातात आणि सुरी त्यावर आपटली तर गुपित तेथेच फुटते. घरच्या गालेतीत एक सबंध बदाम घातला तरी चालतो. चिनी मातीची वस्तू घातल्यास जेवणाऱ्यांस आधी बजावून ठेवावे. उत्साहाच्या भरात दात दुखावल्याची उदाहरणे फ्रान्समध्ये नवी नाहीत, आणि फार लहान मुलांच्या वाट्यातील फेव मोठ्यांनी आधीच काढून घ्यावा हे बरे.

दुसरी चकती वर ठेवून कडा दाबाव्या आणि सुरीच्या पाठीने कडेभोवती लहान लहान खाचा पाडाव्या. फेटलेले अंडे कुंचल्याने वर लावावे. पण ते कडेवरून खाली ओघळू देऊ नये, नाही तर ते वाळून थरांना डिंकासारखे बांधून टाकते. अर्धा तास थंडीत ठेवून अंड्याचा दुसरा हात द्यावा आणि मग सुरीच्या टोकाने, कणीक न कापता, नुसता ओरखडा उठेल अशा रेषा काढाव्या. कोणी सूर्यकिरण काढतात, कोणी गव्हाची ओंबी, तर कोणी पाने. मध्यावर एक बारीक छिद्र पाडावे, म्हणजे पुरणाच्या वाफेस वाट मिळेल. ओव्हन आधीच २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात गालेत ठेवावी. सुमारे दहा मिनिटांनी आच १८० अंशांवर आणून आणखी अर्धा तास भाजावी. मध्येच दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. वरून रंग आला तरी तळ पांढरा असेल तर ती कच्ची आहे असे समजावे. बाहेर काढताच साखरेचा पाक लावला की तिला आरशासारखी चकाकी येते. गालेत कोमट असतानाच खावी.

येथवर पाककृती झाली. परंतु गालेतीचे खरे वैशिष्ट्य भट्टीतून बाहेर आल्यानंतरच दिसू लागते. ती कापताना घरातील वडीलधारे माणूस सुरी हाती घेते आणि जितकी माणसे असतील तितके वाटे करते. जुन्या चालीप्रमाणे एक वाटा अधिक केला जाई. त्यास 'देवाचा वाटा' किंवा 'गरिबाचा वाटा' म्हणत, आणि त्या दिवशी दाराशी जो पहिला याचक येईल त्याला तो देत. वाटे झाले की घरातील सर्वांत लहान मूल टेबलाखाली जाऊन बसते. वडील माणूस एका वाट्यावर बोट ठेवून विचारते, "हा कोणाचा?" टेबलाखालून उत्तर येते, "आजीचा." पुन्हा प्रश्न, "आणि हा?" "दादाचा." असे करीत सारे वाटे संपतात. लहान मूल जे सांगेल ते अखेरचे. त्यावर अपील नाही. चित्रकार ग्रझ ह्याने १७७४ मध्ये ह्याच सणाचे एक चित्र काढले असून ते माँपेलिए येथील फाब्र संग्रहालयात आहे. त्यात एका शेतकरी कुटुंबातील आबालवृद्ध जमले आहेत आणि वाटा उचलण्याचा मान एका चिमुरड्याकडे आहे.

ह्या खेळाकडे थोडे बारकाईने पाहावे. ज्याच्या हाती सुरी आहे, त्याला कदाचित पुरणात दडलेला फेव दिसू शकतो. म्हणून वाटा कोणाला द्यावयाचा हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. ज्याला तो अधिकार आहे, त्याला काहीच दिसत नाही. कापणाऱ्याने वाटू नये आणि वाटणाऱ्याने पाहू नये, ह्या दोन नियमांत निःपक्षपाताची सारी व्यवस्था आली. मोठमोठ्या राज्यघटनांत सत्तेची विभागणी करून जे साधावयाचे असते, ते येथे एका टेबलाने आणि एका पोराने साधले आहे! शिवाय जो अधिकार मिळतो तो घरातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीस. आणि जो घरात नाहीच, त्या याचकाचाही वाटा आधीच बाजूला निघालेला असतो. लहान मूल आपल्या आवडत्या माणसाचे नाव आधी घेऊ शकेल. पण त्याला राजा करणे त्याच्या हाती नाही.

सोडत काढून एका दिवसाचा राजा नेमण्याची ही चाल ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. प्राचीन रोममध्ये डिसेंबरात 'सॅटर्नेलिया' नावाचा उत्सव होई. त्यात धनी आणि दास ह्यांच्यातील अंतर काही काळ विसरले जाई आणि सोडतीने मेजवानीचा राजा निवडला जाई. दाण्याचा राजा हा त्याचाच वारस असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे ह्या राजाने पेला ओठाला लावला की सर्वांनी "राजा प्याला!" असा गजर करावयाचा, अशी चाल पडली. सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार याकोब योर्डान्स ह्याने हा गजराचा प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा रंगविला आहे.

खेळातील राजादेखील खऱ्या राजकारणातून सुटला नाही, हे इतिहासात दिसते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात राजसत्ता उलथून पडली, तेव्हा राजाच्या नावाचे पक्वान्नही काहींच्या डोळ्यांत सलू लागले. 'समतेची गालेत' असे नवे नाव पुढे आले. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर 'बोलो रेय' ह्या नावावरही अशीच गदा आली आणि काही दुकानदारांनी त्याला दुसरी नावे देऊन पाहिली. दोन्ही देशांत नवी नावे मागे पडली, जुनीच टिकली. आणि आजच्या फ्रान्समध्ये एक मौजेची रीत आहे. १९७५ पासून दर जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात पाववाल्यांकडून एक प्रचंड गालेत येते. मात्र तिच्यात फेव घालीत नाहीत. प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाला, खेळातसुद्धा, राजा होता येत नाही!

माझ्या मते, 'समतेची गालेत' हे नाव देणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली नव्हती. समता ह्या पक्वान्नात पूर्वीपासूनच होती. ती त्याच्या नावात नव्हती, वाटण्याच्या रीतीत होती. येथील राजेपण जन्माने मिळत नाही, बळाने मिळत नाही, गुणाने वा वयानेही मिळत नाही. ते दाण्याने मिळते आणि दुसऱ्या दिवशी संपते. राजाला मुकुट मिळतो, पण त्याचा वाटा इतरांच्या वाट्याहून मोठा नसतो. पुष्कळ ठिकाणी तर पुढची गालेत आणण्याचा खर्च त्याच्याच माथी पडतो. पोर्तुगालमध्येही ज्याला दाणा सापडेल त्यानेच पुढचा 'बोलो रेय' घ्यावयाचा असतो. म्हणजे मानाबरोबर जबाबदारी आलीच.

विद्यार्थिमित्रहो, गालेत करण्यास दोन दिवस लागतात आणि ती संपण्यास दहा मिनिटे पुरतात. तरीही ती एकदा घरी करून पाहावी, असे मी म्हणेन. मात्र एकट्याने करू नये. एकाने घड्या मोजाव्या, एकाने बदाम सोलावे, एकाने रेषा काढाव्या. भट्टीजवळ मोठे माणूस असावे. आणि वाटण्याच्या वेळी घरातील सर्वांत धाकट्यास टेबलाखाली बसविण्यास विसरू नये. टेबल नसेल तर भिंतीकडे तोंड करून उभे केले तरी चालेल. वाटे सारखे पडले आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम मात्र सुरी धरणाऱ्याचे. कारण आपला वाटा कोणता हे त्यालाही आधी ठाऊक नसते.